काकांची पाठ

इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमधले आमचे शेजारी काका टीव्हीवरची सुनावणी बसून बघत नाहीत. मतदारांना धमकावणाऱ्यांवर न्याय खात्याने काय ॲक्शन घेतली, असं सिनेटर अधिकाऱ्यांना विचारायला लागले, की काका थेट टीव्हीसमोर जाऊन उभे राहतात. "सरळ उत्तर दे ना यार," असं अधिकाऱ्याला दटावतात. आम्हाला दिसते ती फक्त त्यांची रुंद पाठ. "अहो, बाजूला व्हा, तुम्ही काही काचेचे नाही," काकू म्हणतात.

यंदा मतदानाच्या रांगेबाहेर एकजण आमच्यासारख्या भारतीयांचेच चेहरे मोबाइलवर टिपत होता. पहिल्यांदाच मत द्यायला आलेली एक मुलगी घाबरून परत निघाली. काकांनी तिला थांबवलं आणि मोबाइलसमोर जाऊन उभे राहिले.

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, तो डावीकडे सरकतोय."