पेटीवरचं झेंडूचं फूल

पेनसिल्व्हेनियातल्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण जिथे एक गोळीसुद्धा सुटली नाही, ती घटना अजून माझा पिच्छा सोडत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस स्टेशनला फोन आला. स्टेट कॉलेज नावाच्या गावाजवळच्या एका मराठी घरातून रायफल नाहीशी झाली होती. तक्रारदार त्या घरातला एकुलता एक मुलगा, इथेच जन्मलेला, तिशीतला. मला मराठी येतं म्हणून तपास माझ्या गळ्यात पडला. असले तपास नेहमी माझ्याच गळ्यात पडत.

रायफल साधी नव्हती. आखूड नळीची, सायलेन्सरवाली. अशा हत्याराची केंद्र सरकारकडे नोंद लागते आणि ज्याच्या नावावर असेल त्यानेच ते बाळगायचं. बायकोने ताब्यात ठेवलं तरी गुन्हा. म्हणून शौकीन लोक ट्रस्ट करतात. हत्यार ट्रस्टच्या नावावर राहतं आणि मालक गेला की वारस विश्वस्त होतो. ह्या मुलाच्या वडिलांना, काकांना, शिकारीची आवड. त्यांनीही तेच केलं होतं, मुलाचं नाव लावून. काकांचं वर्षश्राद्ध झाल्यावरचा हा पहिलाच दसरा होता.

तिजोरी पाहिली. कुलूप शाबूत, कुठे ओरखडा नाही. म्हणजे काम घरातलंच.

"कधी कळलं?" मी मुलाला विचारलं.

"काल दुपारी, ऑफिसर. बाबा दसऱ्याला रायफलची पूजा करायचे. म्हटलं, ह्या वर्षी मी बाहेर काढतो."

त्याच्या आईला, काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "चोर आला असेल रे बाबा. मला काय ठाऊक? चहा घेतोस?"

ज्याची वस्तू जाते तो पोलिसांचं डोकं खातो. सापडेल ना, कधी सापडेल, एकच धोशा. काकूंनी एकदाही विचारलं नाही.

देवघरासमोर कालची पूजा तशीच होती. लॅपटॉप, सुऱ्या, गाडीची किल्ली, सगळ्यांवर हळदकुंकू. शेजारी साड्यांची लाकडी पेटी. तिच्या झाकणावरही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. दसरा माझी आईही करायची, पण साड्यांच्या पेटीची पूजा मी जन्मात पाहिली नव्हती.

"काकू, पेटी उघडा."

तळाशी रायफल निघाली, काकांच्या सोवळ्यात गुंडाळलेली. लपवून ठेवली, तरी नवऱ्याचा पूजेचा नेम चुकू नये म्हणून बाईने वरून फूल वाहिलं होतं.

"हा गुन्हा आहे, कल्पना आहे तुम्हाला?"

"घाल मला तुरुंगात!" काकू कडाडल्या. "कॉलेजात असताना हा जीव द्यायला निघाला होता. पुण्याला नेऊन उपचार केले, इथे कुणाला कळू दिलं नाही. ट्रस्ट करताना ह्याच्या बाबांनी वकिलालासुद्धा सांगितलं नाही. म्हणे, आता बरा झालाय! त्यांचं तेरावं उरकलं आणि आधी ही तिजोरीतून काढली."

मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. माझ्या मनात काहीतरी खटकलं.

"काकू, पूजा केव्हा झाली?"

"सकाळी. आरती त्यानेच केली की."

मी मुलाकडे वळलो. "पूजा सकाळीच झाली होती. मग दुपारी तिजोरी कशाला उघडलीस?"

"आय वॉजन्ट ओके, काका," तो म्हणाला. मघापासून मला ऑफिसर म्हणत होता. "रायफल तिथे नव्हती. मग भीती वाटली, दुसऱ्या कुणाच्या हातात पडली तर? म्हणून कॉल केला."

काकूंनी पुढे होऊन त्याचा हात धरला.

रायफल जप्त केली आणि मुलाला स्वतः हॉस्पिटलात घेऊन गेलो. सरकारी वकिलाने काकूंवर खटला भरला नाही. मुलाने विश्वस्तपद सोडलं, रायफल सरकारजमा झाली.

ट्रस्टच्या कागदात कसलीही खोट नव्हती. कागद करणाऱ्या वकिलाने विचारलं ते सगळं काकांनी खरं सांगितलं असणार. मुलाला हे पेलवेल का, हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि लोक काय म्हणतील ह्या धास्तीने ते स्वतःहून बोलले नाहीत. मला ह्या गप्प बसण्याची चीड येते. हत्यार कुणाच्या हाती द्यायचं नाही हे घरातल्यांना ठाऊक असतं. कायद्याला ते कोण सांगणार?

निवृत्त झालो तरी दर दसऱ्याला काकूंचा फोन येतो. शुभेच्छा नाहीत, इकडची तिकडची चौकशी नाही. "आहे रे. जेवतोय," एवढंच म्हणतात आणि ठेवून देतात.

तो फोन येईपर्यंत मी घराबाहेर पडत नाही.