फाटकाबाहेरची हजेरी

जिजाअक्का रोज सकाळी आठला आमच्या डाळमिलच्या फाटकाबाहेर येऊन उभी राहायची. डोक्याला धुळीचा फडका, हातात डबा, जशी कामावरच आलीय. वॉचमनला रोज सांगायची, "देखी ले भाऊ, मी काम सोडेल नही शे. आठेच, फाटकजवळ उभी शे." दुपारी निंबाखाली डबा खायची आणि पाचला सुटी झाली की आमच्याबरोबरच घरी. असे सव्वीस दिवस. आम्ही आत फिरत्या पट्ट्यावर डाळ निवडत बसायचो. जाळीतून ती दिसली की माझं खडे वेचणं चुकायचं.

आता ती बाहेर का, ते सांगते. अक्काला अधूनमधून फिट यायची, गोळ्या चालू होत्या. एकदा पट्ट्याजवळच कोसळली. आम्ही घाबरलो, कुणी कांदा फोडला, कुणी चप्पल हुंगवली. शुद्धीवर आल्या आल्या म्हणते कशी, "कोनी शे व ती चप्पल? धोई तरी लेती!" आम्ही रडता रडता हसलो.

सुपरवायझर नाना मात्र हसले नाहीत. "घरी जा अक्का, बरं वाटलं की या," म्हणाले. चौथ्या दिवशी ती डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आली. काम करू शकते, फक्त फिरत्या मशीनजवळ नको, असं लिहिलेलं. नानांनी ती हातातही घेतली नाही. "शेठ सांगतील तेव्हा बोलावू."

"मंग माले घर धाडं, हाई लिखी दे," अक्का म्हणाली.

लिहून कोण देतो! तिचा नवरा धुळ्याला गिरणीत होता. दम्यापायी त्याला असंच तोंडी घरी बसवलं आणि मागून सांगितलं, माणूस स्वतःहूनच यायचा बंद झाला. म्हणून अक्का फाटक सोडत नव्हती.

शेवटी तिने कामगार खात्याच्या ऑफिसात अर्ज दिला. तारखेला मिलने माझं नाव साक्षीला घातलं. मला वाटलं, फिट कशी आली ते विचारतील. तिथे मिलच्या माणसाने एक कागद पुढे केला : या बाईमुळे आमच्या जिवाला धोका आहे, हिला कामावर घेऊ नये, अशी बायांची तक्रार. खाली पहिली सही माझी.

अंगठा सोडून सही करायला मी तेव्हा नुकतीच शिकले होते, तीही नातीच्या पाटीवर. मिरवायची हौस भारी! नाना म्हणाले होते, "अक्काच्या रजेचा कागद आहे, करा सही." मी ऐटीत केली. माझं बघून बाकीच्यांनी केली.

अक्काने कागद पाहिला, मग मला. "सही शिकनी तू. वाचाले कवय शिकशी?"

साहेबांपुढे मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, मी न वाचता सही केली. अक्काचा मला काही धोका नाही. उलट घरी बसवली तर तिच्या गोळ्या कशा चालायच्या?" साहेबांनी माझं म्हणणं लिहून घेतलं नि सही मागितली. मी म्हटलं, थांबा. नातीबरोबर गिरवलेली बाराखडी आठवत, एकेक अक्षर लावत वाचत बसले. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पण अख्खं ऑफिस खोळंबलं. मग सही केली.

अक्काला पाकिटं भरायच्या कामावर परत घेतलं, मशीनपासून लांब. पण माझ्या डब्यातली भाजी तिने पुन्हा कधी घेतली नाही. मी पुढे करायची, ती म्हणायची, "पोट भरेल शे."

वर्षभराने ती धुळ्याला लेकीकडे गेली आणि तिथेच झोपेत फिट येऊन वारली. मी दारावर समाचाराला गेले तर लेक म्हणाली, "मावशी, तुम्हीच का त्या? आई इथे सगळ्यांना सांगायची, मनी एक मैतरीन शे, साहेबले थांबाडी ठेवं तिनी, पन वाचाबिगर सही नही करी."

मैत्रीण म्हणायची. मला तोंडावर एकदा तरी म्हणायचं होतंस ना, बाई.