वहिनीची दोन बोटं

हे मी आजवर कुणाजवळच बोललेलो नाही. बायकोजवळही नाही—आणि तिच्यापासून माझं दुसरं काहीच लपत नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. वहिनी ओळखते. निदान तिला तसं वाटतं.

केजच्या अलीकडं आमचं गाव. वहिनी आशाताई आहे—लांबलांबच्या वस्त्यांवरच्या बाळंतिणी, लसी, गोळ्या, सगळं तिच्या अंगावर. दादा कारखान्यात कामाला, तो कारखान्याच्या बसनं जातो. त्यामुळं घरची मोटरसायकल वहिनीची झाली. स्कुटी नव्हे बरं का, मोटरसायकल! आमच्या गावात तोवर एकाही बाईनं ती चालवली नव्हती. आबांना—म्हणजे माझ्या वडलांना—ते कधी रुचलं नाही. पण वहिनी पडत नव्हती, तोवर त्यांना बोलायला जागा नव्हती.

आणि मी घरातला मेकॅनिक. स्वतःच नेमलेला. मोबाइलवर बघून बघून पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक उघडायला शिकलो. खरं सांगू? पहिल्यांदा उघडला तेव्हा थक्क झालो. बिस्किटाएवढे दोन पॅड, त्यांच्या मधून फिरणारी ती लोखंडी थाळी—आणि दोन बोटांनी दाबलं की धावती गाडी उभी! केसाएवढी फट, आणि तिच्यावर माणसाचा जीव. मी कितीतरी वेळ नुसता दाबत-सोडत बसलो होतो.

त्या दसऱ्याला गाडी पूजेला लावायची म्हणून मी ब्रेकची सर्व्हिसिंग केली. पॅड पॉलिश पेपरनं घासले, टूथब्रशनं कोपरे साफ केले, सगळं रीतसर. झेंडूचा हार चढवला. आणि मग—मला थाळी जरा मळकट वाटली. पूजेला कशी चकचकीत हवी! खोबरेल तेलाचं फडकं घेतलं आणि दोन्ही बाजूंनी फिरवलं. वरून कोरड्या कपड्यानं पुसलीही, म्हणजे काम चोख. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काय उगाच?

दुसऱ्या दिवशी वहिनी निघाली. गावातून हळू जाताना मागच्या ब्रेकवर भागतं. ओढ्याच्या पुलाजवळ वळणावर समोर ट्रॅक्टर आला, तिनं पुढचा दाबला—आणि गाडी थांबलीच नाही. मी पोचलो तेव्हा ती मनगट धरून कडेला बसली होती. पिशवीतल्या गोळ्या रस्त्यावर सांडल्या होत्या. मी गाडी उचलली. पुढच्या चाकाला गरम खोबरेलाचा वास येत होता.

तिथंच कळलं मला—तेलकट थाळी पॅडच्या पकडीतून निसटली होती. तिथंच बोलायला हवं होतं ना? मी मूग गिळून बसलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी—नाही, पुढचं ऐका. तिकडं वहिनीच्या हाताला प्लास्टर चढत होतं, तेव्हा मी केजच्या बाजारातून नवे पॅड आणले. थाळी साबणानं धुतली. गोठ्यामागं बसून पॅड गुपचूप बसवले. संध्याकाळी दादानं गाडी फिरवून बघितली. ब्रेक दाबला की खट्कन उभी! सगळ्यांसमोर तो वहिनीला म्हणाला, "ब्रेक तर लई भारी हाय. तुलाच येळेवर दाबता आला न्हाई." आबांनी लगेच चावी मागून घेतली. माझी दुरुस्ती तिच्याविरुद्धचा पुरावा झाली होती. आणि वहिनी—जिच्या बोटांना खरं काय ते ठाऊक होतं—ती त्या बोटांकडं बघत म्हणाली, "दाबला व्हता की... उशिरा दाबला असंल."

त्यानंतर तिनं जे केलं, त्यापुढं मी आजही हात जोडतो. प्लास्टर निघेपर्यंत वस्त्यांवर पायी गेली. मग आबांशी भांडून चावी परत घेतली, आणि रोज दिवस मावळायच्या आत मोकळ्या रानात, वाटेवर तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काठी, आडवी टाकून, थांबायचा सराव. आधी तुराटीच्या हातभर अलीकडं. मग वीतभर. शेवटी शेवटी चाक तुराटीला टेकायचं आणि ती मोडायची नाही. न केलेली चूक सुधारायला माणूस एवढं करतं? मी बांधावर उभा राहून बघायचो. तिच्या जागी मी असतो, तर गाडीला पुन्हा हात लावला नसता.

आता ती गावातल्या पोरींना गाडी शिकवते. आणि ब्रेकला माझ्याशिवाय कुणालाच हात लावू देत नाही.

परवा एक नवी पोरगी शिकायला आली. मी थाळी धुऊन, कोरडी करून गाडी बाहेर काढली. वहिनीनं तिला पहिला धडा दिला—सगळ्यांना देते तोच. "आधी माझी चूक ऐक. भावजींनी आदल्या दिशीच सर्व्हिसिंग केलती, ब्रेक एकदम झकास व्हता. माझीच बोटं उशिरा हालली." पोरगी मन लावून ऐकत होती. वहिनी हसून माझ्याकडं वळली.

"खरं हाय का न्हाई, भावजी?"

मी हो म्हणालो.