धक्क्यावरचा कोरा रोल

निवृत्त माणूस दुपारी झोपला तर लोक म्हणतात, बिचारा, करणार काय. नाही झोपला तर म्हणतात, म्हातारचळ लागला. एक्सरेकाकांनी बासष्टाव्या वर्षी जुनी मोटरसायकल विकत आणली, तेव्हा शेजारच्या बँकवाल्यांनी कुंपणावरून तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "हिला किक मारायला कोण ठेवणार आहात?" काका हसले. सकाळपासून त्यांच्याही मनात तोच प्रश्न होता.

एक्सरेकाका हे नाव नोकरीमुळे पडलेलं. तेहेतीस वर्षं त्यांनी दवाखान्यात लोकांची हाडं पाहिली. "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा," हे त्यांनी इतक्या माणसांना सांगितलं होतं की घरात लेकीचा साधा फोटो काढतानाही तोंडातून तेच यायचं, आणि पोरगी खरंच श्वास धरून लालबुंद व्हायची. त्यांचं खरं राज्य म्हणजे डार्करूम. लाल दिवा, तीन टाक्या, आंबूस वास. शेवटच्या आठ वर्षांत कॉम्प्युटर आले, फिल्म बंद झाली आणि त्या खोलीत झाडू, बादल्या आणि सलाइनचे मोडके स्टँड जाऊन पडले. त्या दिवशी काकांना घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं होतं. पण सांगणार कोणाला? मनातलं सांगायची त्यांना सवयच नव्हती, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

तरुणपणी काकांकडे अशीच मोटरसायकल होती आणि एक फिल्मचा कॅमेरा. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी ते काकूंना मागे बसवून सत्तर किलोमीटरवरच्या नदीवर जायचे. तिथे फेरीबोट होती. गाडीसकट पलीकडे जायचं, चहा प्यायचा, दोनचार फोटो काढायचे आणि परत यायचं, एवढाच कार्यक्रम. काकू वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावर होत्या, आठवडाभर हळू आवाजात बोलायच्या. गाडीवर बसल्या की गावाबाहेर पडल्यावर मोठ्यांदा गायच्या. सूर यथातथाच होता, पण हौस मोठी.

मग एका रविवारी धक्क्याच्या उतारावर, ओल्या लोखंडी पत्र्यांवर, पुढचा टेम्पो अचानक थांबला. काकांनी ब्रेक दाबला, पाय टेकवला, तो सरकला आणि गाडी डावीकडे आडवी झाली. काकांना खरचटलंही नाही. काकू पडल्या त्या हातावर.

त्या संध्याकाळी दवाखान्यात एक्स-रे काढायला दुसरं कोणी नव्हतं. काकांनीच बायकोचा हात प्लेटवर ठेवला, काकांनीच बटण दाबलं. मग लाल दिव्याखाली डेव्हलपरमध्ये फिल्म हलवत उभे राहिले. आधी बोटं उमटली, मग मनगट, मग मनगटातून गेलेली आडवी रेघ. अशा रेघा त्यांनी हजारो पाहिल्या होत्या. ही त्यांनी स्वतः पाडलेली होती. ते त्या खोलीत गरजेपेक्षा बराच वेळ थांबले. बाहेर काकू हात धरून बाकावर बसल्या होत्या.

काकूंचा हात अजून गळ्यात होता, तेवढ्यात आठवड्याच्या आत काकांनी गाडी विकून टाकली. कॅमेरा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काकांनी ताकच बंद केलं. सत्तावीस वर्षं बसने फिरले, आणि या सत्तावीस वर्षांत त्या पडण्याबद्दल घरात एक शब्द निघाला नाही.

म्हणून नवी जुनी गाडी दारात उभी राहिली तेव्हा काका काकूंची वाट बघत तिच्याशेजारीच उभे राहिले. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कुठे ठेवणार?"

"मागच्या शेडमध्ये."

"तेल गळेल. खाली पत्रा टाका," म्हणाल्या आणि आत गेल्या.

लेक फोनवर चांगलीच बोलली. "बाबा, या वयात लोक गुडघे बदलून घेतात, तुम्ही गाडी घेतलीत." तिचं ऐकून काकांना बरं वाटलं. काकूंच्या गप्प राहण्याने मात्र ते खचले. त्यांनी अर्थ लावला की ही अजून भ्यालेली आहे. आणि काकांना तर मनातून एकच हवं होतं, की हिने एकदा पुन्हा मागे बसावं. फोटो, प्रवास, गाडी, सगळं त्यासाठी. पण हाडं मोडणाऱ्याने हे कोणत्या तोंडाने मागायचं?

तेव्हा ते एकटेच फिरू लागले. कॅमेरा खाली काढला, साफ केला, रोल मिळवले, न्हाणीघराच्या खिडकीला जाड कांबळं ठोकून भरदुपारी डार्करूम केली. दहा किलोमीटर, वीस किलोमीटर. परत आले की अर्धा तास पलंगावर उताणे पडायचे आणि छताकडे बघायचे. तरुणपणी प्रवासाचा शीण रात्रीच्या झोपेत जायचा, आता तो बुधवारपर्यंत मुक्कामाला असायचा.

अशात बातमी आली की नदीवरचा पूल पुरा झाला आणि फेरीबोट बंद होणार. काकांना राहवेना. "जरा लांब जाऊन येतो, रात्री तिकडेच राहीन," एवढंच काकूंना सांगितलं. कुठे, ते सांगितलं नाही. धक्क्याचं नाव घरात काढायचं म्हणजे जखमेवर मीठ.

तिसाव्या किलोमीटरला मनगटं बधिर झाली. चाळीसाव्याला कंबर कुरकुरू लागली. पुढे तर दर दहा किलोमीटरला ते गाडी झाडाखाली लावून कठड्यावर बसत आणि आपण हे कशासाठी करतोय असं स्वतःलाच विचारत. नदीवर पोचले तेव्हा उतरताना पाय सीटवरून पलीकडे येईना. बोटीपुढची साखळी सोडणारा माणूस बघत होता. तो म्हणाला, "सावकाश, काका. बोट कुठे पळून जात नाही. येत्या रविवारी शेवटची फेरी, सोमवारपासून पुलावरून जायचं."

काकांनी एकतीस फोटो काढले. गंजलेला कठडा, साखळीवाल्याचे हात, रांगेतल्या गाड्यांची चाकं, मागे पुलाचे नवेकोरे खांब. शेवटचे सहा त्या उताराचे. पत्रे बदलले होते, पण उतार तोच. त्या जागी उभं राहून कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा त्यांना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, फक्त फार थकवा आला. लॉजवर जाऊन रोल गुंडाळला. तो चटकन गुंडाळला गेला याचंच त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीघरात रोल धुऊन त्यांनी उजेडात धरला. टोकाचा तुकडा काळा आणि पुढे सगळा काचेसारखा स्वच्छ. एक फोटो नाही.

काय झालं ते त्यांना तत्काळ कळलं, आणि तेच जास्त झोंबलं. रोलचं टोक कॅमेऱ्यातल्या चकतीत नीट अडकलंच नव्हतं. वरचं बटण दाबलं जात होतं, आतली फिल्म जागची हलत नव्हती. नवशिक्यासुद्धा आधी डावीकडची खुंटी फिरते का पाहतो. पण काकांचे हात एक्स-रेचे. तिथे शीट ठेवली, कॅसेट खटकन बंद केली, की झालं. तेहेतीस वर्षं फिल्म हाताळलेला माणूस फिल्म घालण्यातच फसला. पट्टीचा पोहणाराच बुडतो, तो असा. काकांनी ती पट्टी वाळत घातली, कारण धुतलेली फिल्म वाळत घालायची असते, आणि बादली पालथी करून तिच्यावर बसले.

काकू टॉवेल घ्यायला आल्या. त्यांनी पट्टी हाताने उजेडाकडे वळवली. "काही आलं नाही?"

"नाही. चुकलं माझं."

"धक्क्याचे होते ना?"

काकांनी वर पाहिलं.

"शर्टाच्या खिशात बोटीचं तिकीट होतं. धुवायला टाकताना खिसे मीच तपासते, तुम्ही नाही." काकू दाराला टेकल्या. गुडघ्यामुळे त्यांना फार वेळ उभं राहवत नसे, तरी उभ्या राहिल्या. "मला सांगून गेला असतात तर काय झालं असतं?"

"तुला त्रास झाला असता. तुला भीती बसली आहे ना."

"कोणी सांगितलं?"

"तू कधी काही बोलली नाहीस."

"तुम्ही कधी काही विचारलंत?" त्यांचा आवाज वाचनालयातलाच राहिला, हळू. "हात माझा मोडला होता. गाडी विकायचं तुम्ही ठरवलंत. मी प्लास्टर घालून घरात बसले होते, खिडकीतून बघते तर एक परका माणूस आपली गाडी ढकलत नेतोय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. हात सहा आठवड्यांत बरा झाला. मग मी दर रविवारी आवरून बसायची. वाटायचं, आज म्हणतील, चल, दुसरी गाडी बघून येऊ."

काकांना आठवलं. रविवारी सकाळी काकू चांगली साडी नेसून खिडकीशी पुस्तक घेऊन बसायच्या. त्यांना वाटायचं, वाचनाची आवड.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं तोंड बघून. तुम्ही असे तोंड पाडून बसायचात, की जणू हात तुमचाच मोडलाय. मी कोणत्या तोंडाने हट्ट करायचा? आणि पुढे पुढे राग धरला. तो सोडवेना." टॉवेल ओढून घेत त्या म्हणाल्या, "अजून आहे."

काका बादलीवरून उठले नाहीत. आपण बायकोला जपलं, एवढी एकच पुण्याई त्यांच्या गाठीला होती, आणि ती खोटी निघाली. ती भ्यालीच नव्हती. भ्याले होते ते. आणि स्वतःच्या भीतीपायी त्यांनी एका गाणाऱ्या बाईला सत्तावीस वर्षं बसच्या खिडकीत बसवलं होतं. "मला कळलंच नाही," ते म्हणाले.

"रविवारी शेवटची फेरी आहे म्हणतात ना," काकू टॉवेल घेऊन जाता जाता म्हणाल्या, "मी येणार आहे."

रविवारी सकाळी काकूंनी कुठून तरी लेकीची जुनी सलवार शोधून काढली आणि बूट घातले. काकांनी नवा रोल घातला, खुंटी फिरते का ते दोनदा पाहिलं. शेडमध्ये खरं घोडं अडलं. काकूंचा पाय सीटवरून पलीकडे जाईना. खांद्याला धरून पाहिलं, भिंतीला धरून पाहिलं. शेवटी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. दोघं धापा टाकत होती. कुंपणापलीकडून बँकवाले म्हणाले, "क्रेन मागवू का?" काकूंनी स्टुलावरूनच उत्तर दिलं, "मागवा. मग तुम्हालाही त्या खुर्चीतून उचलू." बँकवाल्यांनी पेपर वर धरला.

तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. गावाबाहेर पडेपर्यंत काका इतके सावकाश गेले की सायकलवाले पुढे गेले. मागून गाणं ऐकू येतंय का म्हणून त्यांनी कान दिला. गाणं नव्हतं. काकूंनी त्यांच्या कमरेचा शर्ट मुठीत धरला होता आणि प्रत्येक खड्ड्याला त्या दातावर दात दाबून "हं" करत होत्या.

अठराव्या किलोमीटरला रस्ता फुटतो. तिथे टायरच्या बंद दुकानासमोर काकांनी गाडी थांबवली. त्यांची कंबर केव्हाच गेली होती. पुढे बावन्न किलोमीटर, आणि तेवढंच काय त्याहून जास्त परत. काकांनी मनात हिशेब केला, हिला झेपायचं नाही. हँडल वळवायला त्यांनी सुरुवातही केली होती. मग हात थांबला. इंजिन बंद केलं. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, मान मागे न वळवता त्यांनी विचारलं, "पुढे जायचं, की परत? तू सांग."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसली. काका मनात घोकत होते की पुढे म्हण. कंबर मोडली तरी चालेल, पुढे म्हण.

"परत चला," काकू म्हणाल्या. "गुडघा फार दुखतोय. आता नाही जमायचं मला तिथवर."

"बरं."

"आणि ऐका. या गाडीचं पुढे काहीही करायचं ठरवलंत, तर आधी मला विचारा."

काकांनी मान हलवली. गाडी वळवायला रस्ता अरुंद होता. पाय टेकवत, थोडी पुढे, थोडी मागे घेत त्यांनी ती वळवली, आणि काकू मागे तोल सांभाळत बसून राहिल्या.