सैल सोडलेली तार

जळलेल्या टू-स्ट्रोक ऑइलचा गोडसर धूर आणि उन्हात वाळणाऱ्या जवल्याचा खारट, उग्र दर्प, हे दोन वास एका वाऱ्यावर आले की मी अजून जागच्या जागी थांबतो. मी चौथी शिकलेला माणूस. हाताला सवय पान्यांची, पेनाची नाही. पण बायकोला जाऊन फाल्गुनात वर्ष झालं, आणि जे तिच्याजवळ बोलायचं होतं ते आता कागदाजवळच बोलावं लागतंय.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. आमच्या दिवाळे गावाबाहेर खाडीला धरून नवा रस्ता पडला होता. काळाभोर, गुळगुळीत, एका बाजूला खारफुटीची दाट हिरवी भिंत आणि दुसऱ्या बाजूला मोडक्या मिठागरांचे बांध, त्यांवर ध्यानाला बसल्यासारखे बगळे. पुढच्या पुलाचं काम अडलं होतं, त्यामुळे रस्ता कुठेच जात नव्हता. गावच्या बायकांनी त्यावर जवला वाळत घालायला सुरुवात केली, कारण डांबरावर वाळूचा कण लागत नाही आणि दुपारपर्यंत तो बारीक कोळंबीचा सडा कुरकुरीत होतो. आणि दर रविवारी, उजाडता उजाडता, शेजारी उठलेल्या नव्या वसाहतीच्या सेक्टरांतली पोरं तिथे मोटरसायकलींची शर्यत लावायला लागली.

माझं नाक्यावर गॅरेज होतं. पोरं गाड्या घेऊन माझ्याकडेच यायची. शंभर सीसीची हलकी गाडी, तिचा सायलेन्सर पोकळ करायचा, आरसे, मडगार्ड, इंडिकेटर, जे जे सभ्य दिसतं ते सगळं उतरवायचं. आमचा विलास, बावीस वर्षांचा, एकुलता, त्या सगळ्यांत पुढे. खोटं कशाला लिहू, त्याच्यापेक्षा नाद मलाच जास्त होता. एकदा त्याच्या मागे बसून मी त्या रस्त्यावरून गेलो. वारा डोळ्यांतलं पाणी कानांपर्यंत ओढत नेत होता, खारफुटी एक हिरवी रेघ झाली होती, आणि इंजिनाचा स्वर चढत चढत अशा जागी पोचला की मला माझं वय, गॅरेज, सरकारात गेलेलं बापाचं मिठागर, काहीच आठवेना. देवळात मला असं कधी झालं नाही. उतरलो तेव्हा मी हसत होतो.

बायकांचं आणि पोरांचं भांडण होणारच होतं. माझी बायको जनी कमरेवर हात ठेवून मध्ये उभी राहिली.

"रस्ता तुमचे बापाचा हाय का रे?"

"बापाचा नाय आई," विलास म्हणाला, "पन गाडी बापानं बनवलीय."

"मंग बापालाच वालत घालते जवल्यासंगती."

सगळे हसले. हसण्यातच करार ठरला. बेलापूरच्या डोंगरावर सूर्य दिसेपर्यंत रस्ता पोरांचा. सूर्य दिसला की जनीने रस्त्याच्या तोंडाशी आपली जवल्याची पाटी उपडी ठेवायची, मग बायकांचा. घड्याळाचं नाव कोणी काढलं नाही. होडीवर आणि मिठागरात जन्म गेलेल्या माणसांना सूर्य पुरे होता. सगळा हिवाळा तो पाळला गेला.

त्या शनिवारी संध्याकाळी विलास म्हणाला, पुढचं चाक जड फिरतंय. मी उचलून फिरवून पाहिलं. ब्रेकचे लायनर ड्रमला किंचित घासत होते. घासतात तेवढा वेग खातात. मी ब्रेकच्या तारेचा नट मागे घेतला, चाक वाऱ्यासारखं फिरायला लागलं.

"बाबा, ब्रेक पार सैल झाला. दाबला तर मुठीला टेकतोय."

"पळायला चाललायस की थांबायला?" मी म्हणालो.

तो हसला. मग मी साबणाने हात स्वच्छ धुतले आणि आम्ही तिघं एका पंगतीत जेवलो. ते वाक्य मी आयुष्यात हजार वेळा परत गिळलं आहे, पण ते खाली जात नाही.

रविवारी आभाळ भरून आलं होतं. अवेळी आलेले ते राखाडी ढग डोंगराच्या माथ्यावर असे बसले होते की उजाडलं कधी ते कळलंच नाही. नुसता एक मळका, सावली नसलेला उजेड सगळीकडे पसरला. रस्त्याच्या तोंडाशी पोरांनी मला विचारलं, सोडायचं का? मी डोंगराकडे पाहिलं. सूर्य नव्हता. उपडी पाटीही नव्हती. मी रुमाल खाली टाकला.

तिकडे बायकांनीही डोंगराकडे पाहिलं होतं. ओहोटीमुळे होड्या त्या सकाळी गावच्या धक्क्याला न लागता थेट रस्त्याच्या पलीकडच्या, अर्धवट पुलाच्या टोकाला लागल्या होत्या, आणि बायका मिठागरांच्या बांधांवरून परस्पर तिकडे गेल्या होत्या. ढगांनी जवला सडेल म्हणून त्यांना घाई होती, आणि एवढं उजाडलंय म्हणजे ढगांमागे सूर्य केव्हाच वर आलाय, असं त्यांनी धरलं. जवला त्या टोकालाच पसरला आणि जनीने पाटी उपडी ठेवली. पण तिकडे, त्या टोकाला.

विलास सगळ्यांच्या पुढे होता. वाकलेल्या बायका त्याला शेवटच्या वळणानंतर दिसल्या असतील, आणि त्यांत त्याची आई. त्याने पुढचा ब्रेक दाबला असेल. दाबायला तिथे काही नव्हतं. मागचं चाक ब्रेकने जाम झालं, ओल्या जवल्यावर गाडी आडवी झाली आणि बायकांना चुकवून पुलाच्या कठड्यावर गेली. एकाही बाईला खरचटलं नाही.

मी पोचलो तेव्हा जनीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याच्या केसांत जवला अडकला होता आणि ती एकेक करून तो वेचत होती. तो गेलेला होता. सगळे त्या दोघांभोवती जमले होते, गाडीपाशी कोणी नव्हतं. मी गाडीपाशी बसलो, खिशातून पाना काढला आणि ब्रेकच्या तारेचा ग्रीसने माखलेला नट पूर्ववत आवळला. पुढे पंचनाम्यात ब्रेक ठीक असल्याचं लिहिलं गेलं.

जनीने जवल्याला पुन्हा हात लावला नाही. पाटी तिने खाडीत सोडली. दिवाळीत, पुनवेला, पोराच्या वयाचं कोणी दारात आलं की म्हणायची, "माजे जवल्यानं नेला त्याला. पाटी तोंडाशी ठेवाला हवी होती मी." मी शेजारी बसून ऐकायचो. बोलायला तोंड उघडायचो आणि पाणी मागायचो. ती उठून पाणी आणून द्यायची. पंचवीसहून जास्त वर्षं तिने मला पाणी आणून दिलं.

ती गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा त्या सकाळचं एक विसरलेलं दृश्य आपोआप वर आलं, ओहोटीला चिखलातून जुनी वल्ही वर यावीत तसं. विलासला न्यायच्या आधी, पोराला शेवटचं पाणी पाजायचं म्हणून, जनीने मला मोरीवर बसवलं होतं. रॉकेलचा बोळा घेऊन ती माझे हात पुसत होती. बोटं, नखांच्या कडा, तळव्याच्या रेषा, सावकाश, काही राहू नये अशा निगुतीने. मी तेव्हा शुद्धीवर नव्हतो. आज मात्र हात धुवायला मोरीवर बसलो की पाणी तांब्यातच राहतं.

आदल्या रात्री मी हात धुऊन जेवलो होतो, तिच्याच शेजारी बसून. मग त्या सकाळी माझ्या हातांना ताजं ग्रीस कुठून आलं, हे तिने विचारलं नाही.