फक्त दोन शब्द

रेकॉर्ड करायचं खूळ माझ्या नवऱ्याच्या डोक्यात कोणी घातलं, ते मला अजून कळलेलं नाही. कारंज्यात एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा इंग्रजी व्याकरणाचा क्लास होता आणि तो बरा चालला होता. कामरगावच्या एसटीवर ते सगळे काळ शिकवायचे. बस गेली, बस जाते आहे, बस येणार होती पण आलीच नाही. खेड्यांतून येणारी पोरं हसता हसता शिकायची. एवढ्यावर माणसानं समाधान मानावं की नाही? पण यांना सलग सगळ्यात जास्त वेळ व्याकरण शिकवण्याचा विक्रम करायचा होता.

तो त्यांनी केला. मंगल कार्यालय घेतलं, शनिवारी सकाळी फळ्यासमोर उभे राहिले आणि रविवारी संध्याकाळी थांबले. मधे नियमात बसेल तेवढीच विश्रांती. पोरं पाळीपाळीनं येऊन बसत होती, रेकॉर्डवाली माणसं घड्याळ लावून होती आणि मी कोमट पाणी, ज्येष्ठमध, खडीसाखर पुरवत होते. शेवटी शेवटी आवाज इतका फाटला की मागच्या रांगेत काही पोचत नव्हतं. प्रमाणपत्र मिळालं, गुलाल उधळला, फटाके वाजले. सोमवारी सकाळी त्यांनी चहा मागितला तो खुणेनं.

अकोल्याच्या घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं. स्वरयंत्राला इजा झाली होती. दीड महिना पूर्ण मौन पाळायचं, कुजबुजायचंसुद्धा नाही. पाळलं तर आवाज परत येईल, नाही तर खात्री देत नाही, असं ते स्पष्ट म्हणाले. हे सगळं ते माझ्याकडे बघून बोलत होते. पेशंट कोणाच्या भरवशावर आहे ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

घरी आल्यावर मी यांना पाटी आणून दिली. पहिला आठवडा छान गेला. खरं सांगू, मला ती शांतता आवडली. लग्नानंतर पहिल्यांदाच माझं बोलणं कोणी मधे न तोडता पूर्ण होत होतं. मग सत्कार सुरू झाले.

पहिलं बोलावणं त्यांच्या गावचं, आसेगावचं. चुलत सासरे स्वतः आले होते. मी त्यांना डॉक्टरांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बोलाचं काइच नाई, सूनबाई. निसतं येऊन बसाचं." सत्कार सपत्नीक होता, म्हणजे मलाही मंचावर बसणं आलं. शाल झाली, नारळ झाला, माझी ओटी भरून झाली. मग निवेदन करणाऱ्यानं जाहीर केलं की आता सत्कारमूर्ती आपलं मनोगत व्यक्त करतील, फक्त दोन शब्द. हे उठले. मी त्यांच्या कोटाचं टोक धरलं. त्यांनी माझा हात हळूच सोडवला आणि माईककडे गेले. ते दोन शब्द अर्धा तास चालले. मी मांडीवर नारळ घेऊन हसत बसले होते, कारण समोर फोटो काढणं चालू होतं.

घरी आल्यावर मी भांडले. एकटीच भांडले, पाटीवर कोण कितीसं भांडणार. शेवटी ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गावात नाई बोललो तं लोक म्हनतीन, रेकॉर्ड केला न् भाव खाऊन राह्यला." लोक खरंच तसं म्हणाले असते.

पुढचा सत्कार कारंज्यातल्या व्यापाऱ्यांचा. या वेळी मी आधीच जाऊन निवेदकाला गाठलं आणि यांच्या घशाचं नीट समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली, आणि कार्यक्रमात माईकवर तेच सांगितलं. सरांना डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, तरीही आपल्या प्रेमाखातर ते दोन शब्द बोलणार आहेत. हे उठायच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या. मला त्या माणसाचा इतका राग आला, पण माझ्या गळ्यात त्या व्यापाऱ्यांचाच हार होता.

कामरगावला मंडप जुन्या विद्यार्थ्यांनी घातला होता. तिथं नाही म्हणणं तर यांना शक्यच नव्हतं. मीही निघताना फक्त त्यांचा कोट काढून दिला. बोलून बोलून थकले होते. यांचं नाव पुकारल्यावर हे माईकसमोर उभे राहिले. तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पुन्हा उघडलं. माईकवाल्याला वाटलं मशीनमध्ये बिघाड आहे, त्यानं आवाज वाढवला. तेव्हा भोंग्यातून त्यांचा नुसता श्वास ऐकू आला, सगळ्या मंडपाला. मग निवेदक पुढे आला आणि माईक हातात घेऊन म्हणाला, "सर गहिवरले आहेत."

केवढ्या टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मला उठून सांगायचं होतं की अहो, तो गहिवर नाही, या माणसाचा आवाज गेला, तुमच्यासमोर गेला. पण ज्या पोरांना यांनी शिकवलं ती समोर उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्यांना काय सांगू आणि कोणत्या तोंडानं? मी नारळ खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.

परत येताना जीपमध्ये आम्ही दोघंच मागे होतो. अर्ध्या वाटेत हे माझ्याकडे वळले आणि त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. काही कळेना. जीप फार जुनी होती, तिच्या आवाजात स्वतःचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. मी ड्रायव्हरला म्हणाले, "भाऊ, गाडी जराशी बंद करता काय? सर काहीतरी सांगून राह्यले."

त्यानं गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. यांचे ओठ अजून हलत होते.