किती कमी, ते लिहा

गुलाबराव फरीदाबादच्या कारखान्यात छत्तीस वर्षे फिटर होते. तिथे परत आलेल्या जॉबवर, म्हणजे घडवलेल्या भागावर, आकडा असे. इथे अर्धा मिलिमीटर जास्त, तिथे पाव कमी. आकडा वाचायचा आणि कामाला लागायचे.

म्हणून नात अनुष्का आठवीच्या विज्ञान प्रदर्शनाची छोटी क्रेन शाळेतून परत घेऊन आली, तेव्हा त्यांनी आधी आकडा शोधला. चिकटवलेल्या कागदावर दोनच इंग्रजी शब्द होते: लॅक्स एफर्ट. खाली, सोमवारपर्यंत पुन्हा करून आणा, नाहीतर प्रदर्शनातून नाव काढू.

एफर्ट त्यांना कळत होते. लॅक्सचा अर्थ त्यांनी सुनेला विचारला. प्रणिता ऑफिसच्या कॉलवर होती. "कमी आहे, बाबा," एवढेच म्हणाली. शेजारचे तात्याराव सरकारी नोकरीतून निवृत्त. ते म्हणाले, कमी नव्हे, अभाव. म्हणजे नाहीच. डिक्शनरीत पाहिले तर दोन्ही निघाले.

गुलाबराव चक्रावले. दांडा मिलिमीटरभर लांडा असणे आणि दांडाच नसणे, याला एकच शब्द लावणारा माणूस कारखान्यात एक दिवस टिकला नसता. आणि दोन्हींतले इथे लागू काय? बारा दिवस ते या क्रेनपाशी बसले होते. प्रत्येक कड कानशीने घासली, वर पॉलिश पेपर मारला. हुकाला दोन किलोची पिशवी टांगली तरी दांडा हलत नव्हता.

अनुष्काला विचारले, तर ती म्हणाली, "मला काय माहीत, आजोबा. मी तर फक्त बघत होते."

त्यातूनही त्यांना काही उमगले नाही.

शनिवारी मिलिमीटरचा अंशही मोजणारे व्हर्नियर खिशात घालून ते शाळेत गेले. क्रेन विज्ञानाच्या मॅडमसमोर ठेवली आणि किती कमी आहे ते सांगा, म्हणाले. मॅडमनी हँडल फिरवले. हुक आवाज न करता वर गेला. त्यांनी कामाचे तोंडभरून कौतुक केले. गुलाबराव आणखीच गोंधळले.

मग मॅडम हळूच म्हणाल्या, "अंकलजी, इसमें अनुष्का का हाथ कहाँ लगा है?"

गुलाबरावांनी क्रेन फिरवून फिरवून पाहिली. पहिल्या दिवशी पोरीने पत्र्याची एक चकती कापली होती. कड वेडीवाकडी, भोक मध्यावर नाही. त्यांनी ती तिच्या हातातून घेऊन भंगाराच्या डब्यात टाकली होती.

घरी येऊन त्यांनी डबा उपडा केला. चकती तळाशी होती. ती अनुष्काच्या हातात दिली, कानस दिली आणि आपली क्रेन कपाटावर ठेवून दिली.

पहिल्यांदा घासतानाच कानस सटकली. गुलाबरावांचा हात पुढे गेला. तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला.

रविवारी संध्याकाळी तिची क्रेन उभी राहिली. चकती लंगडत फिरली, पण हुक वर आला.

"आजोबा, मोजा ना."

गुलाबरावांनी व्हर्नियर खिशातच ठेवले.